सॅकचा पट्टा कमरेवर, मुंग्या मांडीत: असं का होतं आणि काय करायचं

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, आणि त्यांत आपल्या बागलाणातला साल्हेर आहे. साल्हेर-सालोटा, धोडप, सातमाळेची लांबलचक रांग, इगतपुरीकडचे अलंग-मदन-कुलंग... मुक्कामी ट्रेकसाठी नाशिककराला फार लांब जावं लागत नाही. मुक्काम म्हटला की पाठीवर मोठी सॅक आली, आणि मोठ्या सॅकबरोबर कमरेचा रुंद पट्टा आला.

दुसऱ्या दिवशी गड उतरताना कुणाच्या तरी मांडीचा बाहेरचा भाग बधिर होतो. चिमटा काढला तरी धड कळत नाही, पण पँटचं कापड घासलं की आग होते. बरोबरचे लगेच निदान करतात: शीर आखडली, सायटिका आहे, मणक्यात गॅप असेल. घरचे घाबरतात ते लकव्याच्या शंकेने. मग कमरेचा एमआरआय निघतो. त्यात वयाप्रमाणे एखादी चकती थोडी झिजलेली दिसतेच, आणि मांडीचं खापर तिच्यावर फुटतं.

त्रास सॅक घेऊन चालताना सुरू झाला असेल आणि बधिर झालेली जागा फक्त मांडीच्या बाहेरच्या अंगाला असेल, तर बहुधा दोष मणक्यात नसतो आणि मांडीतही नसतो. तो पट्ट्याखाली, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापाशी असतो. वेळेवर ओळखला तर बहुतेक वेळा औषधाशिवाय बरा होतो. दुर्लक्ष करून तसंच चालत राहिलं, तर महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही.

कोणती नस, आणि ती जाते कुठून

कमरेवर हात ठेवून उभे राहा. तळव्याखाली जे आडवं हाड लागतं, त्याच्या काठावरून बोटं पुढे सरकवत न्या. पोटाच्या खाली, दोन्ही बाजूंना एक-एक टणक उंचवटा लागेल. बारीक माणसाला तो डोळ्यांनीही दिसतो, पोट सुटलेल्याला थोडं दाबून शोधावा लागतो. या लेखात या उंचवट्याला ‘हाडाचं टोक’ म्हणू. पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

या टोकापासून जांघेकडे एक चिवट अस्थिबंध तिरका गेलेला असतो. टोकाच्या किंचित आतल्या अंगाला, सहसा बोट-दोन बोटं अंतरावर, त्या अस्थिबंधाच्या खालून एक बारीक मज्जातंतू मांडीत उतरतो. बोलताना आपण त्याला नस म्हणतो, इथेही तेच म्हणू. ही नस कंबरेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यापाशी निघते, ओटीपोटाच्या मागच्या भिंतीवरून तिरकी पुढे येते, आणि अस्थिबंधापाशी जवळपास काटकोनात वळून खाली जाते. वळणाच्या जागी ती कातडीपासून फार खोल नसते. वर हाड, शेजारी चिवट अस्थिबंध, बाहेर पट्टा. सुटायला वाव राहत नाही.

ही नस फक्त संवेदना वाहते. मांडीच्या बाहेरच्या आणि पुढच्या-बाहेरच्या कातडीचा स्पर्श, ऊन-थंड, वेदना मेंदूकडे पोचवणं एवढंच तिचं काम. ती एकाही स्नायूला हुकूम देत नाही. म्हणून ती दबली तर कातडी बधिर होते, जळजळते, तिथे सुया टोचतात, पण पायातली ताकद जात नाही. लकव्याची भीती घालवायला ही एवढी गोष्ट पुरेशी आहे.

वैद्यकशास्त्रात या त्रासाला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. जर्मन डॉक्टर मार्टिन बर्नहार्ट यांनी १८७८ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि १८९५ मध्ये रशियन डॉक्टर व्लादिमीर रोट यांनी त्याला हे नाव दिलं. मनोविश्लेषणासाठी जगाला माहीत असलेल्या सिग्मंड फ्रॉइड यांना स्वतःला हा त्रास होता आणि त्यांनीही १८९५ मध्येच त्यावर लिहिलं. म्हणजे आजार जुना, ओळखीचा आहे. आपल्याकडे तो नावाने कुणाला माहीत नाही, एवढंच.

दुखतं तिथे दोष का नसतो

द्राक्षबागेत ठिबकची नळी बांधावरून खाली उतरते तिथे तिच्यावर दगड पडला, तर सुकतो तो पुढचा वेल. वेलाच्या बुडाशी कितीही उकरलं तरी दोष सापडत नाही. मांडीचं तसंच आहे. कातडी मांडीची बधिर झाली, पण दगड वर, कमरेच्या वळणावर आहे. म्हणून मांडीला बाम चोळून, तेल लावून, घट्ट क्रेप बँडेज बांधून उपयोग होत नाही.

नसेच्या आत तिला पोसणाऱ्या केसासारख्या रक्तवाहिन्या असतात. रक्तदाब मोजताना जो पारा वापरतात, त्याच मापात २० ते ३० मिलिमीटर एवढा दाब बाहेरून पडला, तरी नसेतून रक्त बाहेर नेणाऱ्या या बारीक वाहिन्यांचा प्रवाह मंदावतो. रक्तदाबाचा पट्टा दंडावर १५०च्या वर फुगवतात, हे लक्षात घेतलं तर २० ते ३० किती कमी आहे ते कळेल. दंडावरचा पट्टा मिनिटभरात सुटतो. सॅकचा पट्टा सात-आठ तास बसलेला असतो.

किती वेळ, किती जोरात, यावर पुढचं ठरतं. थोडा वेळ थोडा दाब पडला, तर नस नुसती उपाशी राहते. पट्टा सोडला की काही मिनिटांत किंवा रात्रभरात संवेदना परत येते. दाब जास्त वेळ टिकला तर नसेभोवतीचं वेष्टण खराब होतं. ते पुन्हा तयार व्हायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. त्याहून पुढे जाऊन आतला तंतूच तुटला, तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने वाढत खाली येतो. कमरेपासून मांडीच्या खालच्या भागापर्यंतचं अंतर ३० ते ४० सेंटिमीटर धरा आणि दिवस मोजा: वर्ष लागतं. पहिल्या पायरीवर थांबणं किती महत्त्वाचं आहे, ते या हिशेबातून कळावं.

‘रक्त अडलं म्हणून पाय झोपला’

हा समज फार पसरलेला आहे. पायाला जाणारं रक्त अडलं असतं तर पाऊल गार पडलं असतं, रंग उतरला असता, पोटरी वळली असती. इथे पाऊल गरम असतं, बोटं हलतात, आणि बधिर भाग मांडीपुरताच राहतो. म्हणून पाय झटकून, उड्या मारून काही साध्य होत नाही. दाब काढावा लागतो.

एकाला होतं, दुसऱ्याला का नाही

तीच सॅक, तेवढंच ओझं, तीच वाट; एकाची मांडी बधिर आणि दुसऱ्याला पत्ताही नाही. पहिलं कारण म्हणजे या नसेची वाट सगळ्यांत सारखी नसते. बहुतेकांत ती टोकाच्या आतून जाते, काहींत अगदी टोकाला चिकटून, आणि थोड्या लोकांत चक्क टोकाच्या मागे, कमरेच्या हाडाच्या काठावरून. या शेवटच्या लोकांना ‘पट्टा हाडावरच ठेवा’ हा एरवी बरोबर असलेला सल्लाच नडू शकतो. तुमची नस कुठून जाते हे बाहेरून दिसत नाही. पट्टा नीट बसवूनही दर वेळी मुंग्या येत असतील, तर हे कारण मनात ठेवायला हवं.

दुसरं कारण अंगकाठी. पोट सुटलेलं असलं की पट्टा पोटाखाली घसरतो आणि नेमका टोकावर, जांघेच्या वरच्या वळणात जाऊन बसतो. वरून पोटाचा भारही त्या अस्थिबंधावर असतोच. अगदी सडपातळ माणसाचं उलट: टोक आणि पट्टा यांच्यामध्ये मांसाची गादी नसते. कंबर सरळसोट असेल, म्हणजे कमरेपेक्षा नितंबाचा घेर फारसा मोठा नसेल, तर पट्ट्याला टेकायला उतार मिळत नाही. तो घसरतो, म्हणून माणूस तो आणखी आवळतो.

तिसरं कारण मधुमेह. साखर बराच काळ जास्त असलेल्या माणसाच्या नसा आधीच नाजूक झालेल्या असतात आणि थोड्या दाबानेही बिघडतात. गरोदरपणातही ओटीपोट आणि जांघेवरचा ताण वाढल्यामुळे, सॅक न घेताही, हा त्रास होऊ शकतो.

शिवाय पट्टा सॅकचाच असला पाहिजे असं काही नाही. घट्ट जीन्स, गाडीचा सीट बेल्ट, पोलिसांचा सामानाने भरलेला ड्यूटी बेल्ट, सैनिकांचं चिलखत यांमुळे हा त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. सिंहस्थाच्या बंदोबस्तात तासन्‌तास उभं राहणाऱ्यांनी आणि कमरेला गच्च पाऊच बांधून वणीच्या गडाला पायी जाणाऱ्यांनीही हे माहीत करून घ्यावं.

पट्ट्याचं काम कुठे होतं, आणि आपण आवळतो कुठे

सॅकचं ओझं कमरेवर उतरतं ते पट्ट्याच्या मागच्या आणि बाजूच्या भागातून. मागे माकडहाडाच्या वरचा सपाट भाग आणि दोन्ही बाजूंना कमरेच्या हाडाचा काठ, या जागा भार पेलतात. पुढचा भाग, म्हणजे बकल आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, ओझं उचलत नाहीत. त्यांचं काम पट्टा मिटलेला ठेवायचं. पुढे जास्त आवळल्याने ओझं जास्त उतरत नाही. एका मर्यादेनंतर फक्त टोकावरचा दाब वाढतो.

माणूस मुळात जास्त आवळतो का? कारण पट्टा घसरत असतो. आणि तो घसरतो, कारण सॅकची पाठीची लांबी त्याच्या पाठीला जुळत नाही. भाड्याने आणलेल्या किंवा मित्राकडून मागून आणलेल्या सॅकच्या बाबतीत हे कायमचंच. सॅक किती लिटरची आहे हे सगळे विचारतात. पाठीची लांबी कुणी मोजत नाही, आणि खरा घोटाळा तिथेच असतो.

ती मोजायला दोन माणसं आणि शिंप्याची टेप लागते. मान पुढे झुकवा, मानेच्या तळाशी सर्वांत जास्त वर येणारं हाड सापडेल. आता दोन्ही हात कमरेच्या हाडाच्या काठावर असे ठेवा की अंगठे मागे, पाठीच्या कण्याकडे येतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा कण्याला जिथे छेदते, तिथपासून मानेच्या त्या हाडापर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पाठीची लांबी. मोठ्या माणसांत ते साधारण ४० ते ५३ सेंटिमीटर असतं. उंची सारखी असलेल्या दोघांतही चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज निघतो, म्हणून उंचीवरून अंदाज बांधू नका. बऱ्याच मोठ्या सॅकना पाठीमागे वेल्क्रोची किंवा खाचांची शिडी असते. खांद्याचे पट्टे तिच्यावर वर-खाली सरकवून ही लांबी जुळवता येते. सॅकची लांबी जास्त ठेवली तर कमरपट्टा टोकाखाली, जांघेत उतरतो. कमी ठेवली तर तो पोटावर चढतो, ओझं कमरेवर येतच नाही आणि श्वास कोंडतो.

बसवण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी सगळ्या पट्ट्या सैल करा. सॅक आत पुरेसं वजन ठेवून पाठीवर घ्या. रिकामी सॅक लावून बघण्याला काही अर्थ नाही. खांदे थोडे वर उचलून कमरपट्टा अशा उंचीवर धरा की त्याच्या जाड भागाची मधली रेषा कमरेच्या हाडाच्या काठावर येईल, म्हणजे वरची कड काठाच्या दोन-तीन सेंटिमीटर वर राहील. बकल लावा, आवळा, खांदे सोडा. मग खांद्याचे पट्टे ओढा, फक्त पाठीला लागेपर्यंत. त्यानंतर खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणाऱ्या छोट्या पट्ट्या हलक्या ओढा. त्या तिरक्या, साधारण ४५ अंशांत राहाव्यात. छातीची पट्टी सगळ्यात शेवटी.

आता टोक तपासा. बोटाने हाडाचं टोक शोधा आणि पट्ट्याचा कोणता भाग त्याच्यावर आला आहे ते पाहा. जाड गादी टोकाच्या पुढपर्यंत गेलेली हवी. गादीची कड किंवा शिवण नेमकी टोकावर संपत असेल, तर सगळा दाब त्या कडेवर एकवटतो. गादी आधीच संपून नुसती नायलॉनची अरुंद पट्टी टोकावरून जात असेल, तर ते त्याहून वाईट. दुसऱ्या बाजूने, पट्टा पूर्ण आवळल्यावर दोन्ही गाद्यांमध्ये पुढे सात-आठ सेंटिमीटर तरी मोकळी जागा राहिली पाहिजे. त्या एकमेकींना भिडत असतील तर पट्टा तुम्हाला मोठा आहे. कितीही ओढा, तो घट्ट होणार नाही आणि घसरत राहील.

किती आवळायचं? सॅक खांद्यावरून किंचित उचलली गेल्यासारखी वाटावी, आणि पट्ट्याच्या पुढच्या भागाखाली दोन बोटं जोर न लावता शिरावीत. पुढे वरची आणि खालची अशा दोन पट्ट्या असतील, तर वरची घट्ट आणि खालची त्यामानाने सैल ठेवा, कारण जांघेत रुतते ती खालची कड.

पट्ट्याखाली काय आहे?

पट्टा उत्तम बसलेला असूनही त्रास होतो तेव्हा त्याच्या खाली हात घालून पाहा. जीन्सचा पितळी रिव्हेट, चामडी पट्टा आणि त्याचं बकल, ट्रॅकपँटच्या नाडीची गाठ, खिशातल्या किल्ल्या, पुढच्या खिशात उभा ठेवलेला मोबाइल. मोबाइल सर्वांत घातक. त्याची वरची कड टोकाशी येते आणि प्रत्येक पायरीला, मांडी वर उचलली की, ती आत रुतते. मोबाइल सॅकच्या वरच्या कप्प्यात किंवा खांद्याच्या पट्ट्यावरच्या पाऊचमध्ये ठेवा. ट्रेकला जीन्स नकोच, आणि पँट इलास्टिकची घातली तर चामडी पट्टा लागत नाही.

अलंग-मदनच्या कातळटप्प्यांवर आणखी एक थर वाढतो: हार्नेस, म्हणजे दोर अडकवण्यासाठी कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे. हार्नेसचा कमरपट्टा आणि सॅकचा कमरपट्टा एकाच जागेवर येतात. हार्नेस चढवलेला असेल तेवढा वेळ सॅकचा पट्टा सैल सोडा, आणि शक्य असेल तिथे सॅक दोराने वेगळी वर घ्या.

ओझ्याचा हिशेब

अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं घेऊ नये, हा मुक्कामी ट्रेकचा चालत आलेला नियम आहे. ६५ किलोच्या माणसाला १३ किलो. आता उन्हाळ्यातल्या सातमाळेचा विचार करा. टाक्यांतल्या पाण्याचा भरवसा नसतो, म्हणून पाच लिटर पाणी घेतलं. ते पाच किलो झालं. त्यात तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, शिधा घातला की १५ किलो कधी ओलांडले ते कळत नाही. ओझं वाढलं की पट्टा जास्त आवळावा लागतो, आणि पुढची साखळी आता तुम्हाला माहीत आहे. तंबूचं कापड एकाकडे, काठ्या दुसऱ्याकडे, भांडी तिसऱ्याकडे अशी वाटणी ट्रेकच्या आदल्या रात्री, घरच्या वजनकाट्यावर करा. गडाच्या पायथ्याशी मन मोठं करून केलेली वाटणी नेहमी एकाच्या कमरेवर येते.

जड सामान पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या उंचीला ठेवा. ते मागे, लांब राहिलं तर सॅक मागे ओढते आणि पट्ट्याचा पुढचा भाग जोरात आत ओढला जातो.

‘मग पट्टाच नको’

सहा-सात किलोच्या आतल्या एक दिवसाच्या सॅकला हे चालेल. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर अशा ट्रेकला कमरपट्टा मोकळा राहिला तरी बिघडत नाही. त्यापुढे मात्र सगळा भार खांद्यावर येतो, आणि तिथेही नसा आहेत. खांद्याच्या पट्ट्याखाली मान आणि दंड यांच्यामधून जाणाऱ्या नसांचा जुडगा दबला, तर हात जड होतो, वर उचलत नाही, कधी खांद्याचं पातं मागे उचकटल्यासारखं बाहेर येतं. या नसा स्नायू चालवतात, म्हणून तिथे ताकदही जाते. मांडीची कातडी वाचवायला हात धोक्यात घालू नका. ओझं दोन्हीकडे आलटून-पालटून द्या: दर तासाला दहा-पंधरा मिनिटं कमरपट्टा सैल, खांदे घट्ट, मग उलट.

‘चालत राहिलं की सवय होते’ हा सल्लाही अनुभवी मंडळींकडून येतो. कातडी निबर होते, स्नायू बळकट होतात, हे खरं. नस दाबाला सरावत नाही. दुसऱ्या दिवशी मुंग्या कळेनाशा झाल्या, तर ते सुधारल्याचं लक्षण असेलच असं नाही. संवेदना अजून कमी झालेली असू शकते. महागडी सॅक घेतल्यानेही प्रश्न आपोआप सुटत नाही. चुकीच्या लांबीची महागडी सॅक तेवढीच दाबते.

वाटेत मुंग्या सुरू झाल्या तर

मुंग्या आल्या की ‘पुढच्या पठारावर बघू’ म्हणू नका, तिथेच थांबा. सॅक उतरवा आणि एखाद्या दगडावर बसा. बसल्यावर जांघ दुमडते, अस्थिबंध सैल पडतो, नसेला मोकळीक मिळते. पट्ट्याखालचं सगळं काढा. पाच-दहा मिनिटांनी सॅक पुन्हा घ्या, पण पट्टा आधीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर आणि पुढे एक ओढ सैल. घामाने किंवा पावसाने कपडे ओले असतील तर पट्टा घसरणार, हे धरून दर अर्ध्या तासाने टोक तपासा.

संवेदना परत आली नाही, तर त्या दिवसापुरता कमरपट्टा सोडा आणि निम्मं सामान इतरांना द्या. हे मागायला लाजू नका, आणि नेत्याने ते स्वतःहून करावं. कळसूबाईच्या शिड्यांसारख्या जागी, जिथे गुडघा पोटापर्यंत उचलावा लागतो, पट्ट्याची खालची कड प्रत्येक पायरीला रुतते. अशा टप्प्याआधीच पट्टा थोडा वर घ्या. उतरणीला शरीर मागे झुकवून, कंबर पुढे काढून चालण्याची सवय असते. त्याने जांघ ताणली जाते, म्हणून पावलं लहान ठेवा.

बधिर कातडीला चटका, काटा, जळू काही कळत नाही. मुक्कामाला चुलीशेजारी बसताना ती बाजू आगीकडे करू नका. घरी आल्यावर गरम पाण्याच्या पिशवीने शेकणं तर टाळाच. ऊब कळत नाही म्हणून माणूस पिशवी तशीच ठेवतो आणि फोड येतात.

एक उपयोगाची युक्ती. बॉलपेनने बधिर भागाची कड मांडीवर काढा आणि फोटो घ्या. रोज त्याच वेळी पुन्हा काढा. वर्तुळ आकसतंय की नाही हे तुम्हालाही कळेल आणि पुढे डॉक्टरांनाही.

सायटिका नाही हे कशावरून?

सायटिकाची कळ सहसा कमरेतून नितंबात, मांडीच्या मागून किंवा बाजूने, गुडघ्याखाली, कधी पावलापर्यंत जाते. खोकलं-शिंकलं की वाढते. पट्ट्याचा बधिरपणा मांडीच्या बाहेरच्या, पुढच्या-बाहेरच्या भागात राहतो आणि गुडघा ओलांडत नाही. ताकद तपासायला टाचांवर दहा पावलं चाला, चवड्यांवर दहा पावलं चाला, मग त्या पायाने एका उंच पायरीवर चढा. हे सगळं दुसऱ्या पायासारखं जमलं पाहिजे. उतरताना गुडघा अचानक दगा देत असेल, तर ते या नसेचं काम नाही; मांडीचा मोठा स्नायू चालवणारी नस वेगळी आहे.

पुढीलपैकी काहीही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा: पायात अशक्तपणा, दोन्ही पाय बधिर, गुदद्वाराभोवती आणि जननेंद्रियांभोवती बधिरपणा, लघवी अडणं किंवा आपोआप होणं, पडल्यानंतर सुरू झालेला त्रास, ताप, पाऊल गार किंवा निळसर होणं, एका पोटरीला सूज. यांचा पट्ट्याशी संबंध नाही, आणि यांत तास मोजून चालावं लागतं.

डॉक्टर काय करतील

दोन आठवड्यांत वर्तुळ लहान होत नसेल, आग वाढत असेल, किंवा झोपमोड होत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोलॉजिस्टकडे जा, आणि सॅकबद्दल आवर्जून सांगा. ‘मांडी बधिर आहे’ एवढंच सांगितलं तर तपास मणक्याकडे जाणं स्वाभाविक आहे. डॉक्टर टाचणीने संवेदना पाहतील, गुडघ्यावर हातोडी मारून झटका पाहतील (तो या त्रासात शाबूत असतो). चांगल्या कुशीवर झोपवून वरच्या कमरेच्या हाडावर साधारण ४५ सेकंद दाब देण्याची एक चाचणी आहे. त्या दाबाने अस्थिबंध सैल पडतो. तेवढ्या वेळात त्रास कमी झाला, तर निदानाला बळ मिळतं. रक्तातली साखर आणि बी-१२ तपासणं शहाणपणाचं, विशेषतः शाकाहारी लोकांत. बी-१२ कमी असेल तर ते भरून काढायला हवं. कमी नसताना गोळ्या घेतल्याने दबलेली नस सुटत नाही.

उपचाराचा मोठा भाग म्हणजे दाब काढणं: सैल कपडे, पट्टा बंद, पोट असेल तर वजन कमी करणं, उताणं झोपताना गुडघ्यांखाली उशी. बहुतेक लोक एवढ्यानेच बरे होतात. आग फार असेल तर नसेच्या वेदनेवरची औषधं डॉक्टर देतात. ती साध्या वेदनाशामकांपेक्षा वेगळी असतात आणि स्वतःहून घ्यायची नसतात. त्यानेही भागलं नाही तर सोनोग्राफीत पाहून टोकाजवळ भूल आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते.

पुन्हा सॅक कधी?

मांडीचा स्पर्श दोन्ही बाजूंना सारखा वाटेपर्यंत कमरपट्टा लावू नका. चालणं बंद करायची गरज नाही. पांडवलेणी, चामर लेणी, रामशेज रिकाम्या हाताने किंवा पाण्याच्या बाटलीनिशी चढत राहा. बरं वाटल्यावर चार-पाच किलो घेऊन दोन तास चालून पाहा, पट्टा वर सांगितल्याप्रमाणे बसवून. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मांडी ठीक असेल तर पुढच्या आठवड्यात सात-आठ किलो घेऊन अंजनेरी. त्यानंतर दहा-बारा किलो, पण एका दिवसापुरते. मुक्कामी ट्रेक त्यानंतर.

कमी ओझ्यातही मुंग्या परतल्या तर पहिल्यांदा सॅक बदलून पाहा, वेगळ्या आकाराच्या पट्ट्याची आणि तुमच्या मापाची. नाशिकमधल्या दुकानांत सॅक भरून, पंधरा-वीस मिनिटं अंगावर ठेवून, पायऱ्या चढून बघायला मागा. जो दुकानदार नाही म्हणेल तिथून मोठी सॅक घेऊ नका. मापाची सॅक असूनही त्रास होत असेल, तर तुमची नस कदाचित हाडाच्या काठावरून जाणाऱ्यांपैकी आहे. मग अवजड सॅकचे ट्रेक सोडून हलक्या सामानाचे, गावात मुक्काम करून गड करण्याचे बेत आखा. साल्हेरच्या पायथ्याच्या साल्हेरवाडीत रात्री राहिलं, तर पाणी आणि डबा घेऊन पहाटे निघून गड करता येतो, आणि कमरेला पट्टा लावावा लागत नाही.